कुंकू लावलेलं कासव

गिऱ्हा, चकवा असल्या भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल करत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... आणि संतापही येतोय. खाली 'देवाची लीला' अशी कमेंट टाकणार असाल तर कृपा करून टाकू नका.

मी रत्नागिरीची. घर मच्छीमाराचं, होडी मोठा भाऊ बघतो. मी आरे-वारेला पर्यटकांना कयाकिंगला नेते. मागच्या शिमग्यातली गोष्ट. पालखी गावात होती, म्हणून तीन दिवस एकही होडी समुद्रात गेली नव्हती. सकाळी साडेसातला मी आणि कोल्हापूरच्या एक शिक्षिका दोन कयाक घेऊन निघालो. पाणी शांत होतं. गादे — म्हणजे आमच्याकडचे डॉल्फिन — लगेच दिसले, बाई खूश झाल्या.

मग खडकांच्या पलीकडे काहीतरी धडपडताना दिसलं. जवळ गेले तर कासव! तुटक्या जाळ्यात गुरफटलेलं, पुढचा एक पाय दोराने हाडापर्यंत कापलेला. आणि डोक्यावर कुंकू.

आमच्याकडे जाळ्यात कासव आलं की त्याला कुंकू लावून, हात जोडून परत सोडतात. पण हे सुटलेलं नव्हतं ना! मी अंगठा फिरवला. डोक्यावरून पाणी जात होतं आणि माझ्या अंगठ्याला कोरडी लाल पूड लागली... कोरडी!

"अहो, हे कुणी लावलं?" बाईंनी मोबाइल काढत विचारलं. त्यांनी काढलेल्या फोटोतही ते स्पष्ट दिसतं.

घाबरायला मला वेळच नव्हता. लाइफ जॅकेटमधला चाकू काढून दोर कापत सुटले. कापता कापता जाळं तरंगत ठेवणाऱ्या फ्लोटवरची निळी खूण दिसली — आमच्याच घरची. हे जाळं भंगारात दिलं, असं दादाने सांगितलं होतं. कासव सुटलं, तिरकं तिरकं पोहत खाली गेलं. जगलं की नाही, माहीत नाही.

घरी येऊन तो फ्लोट दादासमोर आपटला.

"अगो, जाळं खडकात अडाकलेलं. कापलं नि सोडलं. सगळेच सोडतात."

"आणि हे कुंकू?" मी बाईंनी पाठवलेला फोटो पुढे केला.

त्याचा चेहरा उतरला. "आईशप्पथ, मी सोडलं तेव्हा जाळ्यात कायच नव्हतं गो."

तेव्हापासून तो तुटलेलं जाळं घरी आणतो. शरमेने नाही, भीतीने! त्याच फोटोत तो कापलेला पायही होता, त्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

गावात घरोघर विचारलं. होडी घेऊन कुणीच गेलं नव्हतं. गेलं असतं तरी समुद्रात कुंकू कोरडं कसं राहील? पण ज्याने ते लावलं, तो माणूस असो नाहीतर आणखी कुणी... त्याला हात होते. मग दोर का नाही कापला?