अठरा पानांची खोली

साऱ्या धानोऱ्यात माझ्या मामांइतका फूटपट्टीचा राग करणारा माणूस झाला नसेल. जगातली प्रत्येक जागा ते पानांनी मोजत, म्हणजे तिथे जेवायला किती माणसं बसतील त्यावर. कुणाला शेत घ्यायचं असो की शाळेचा नवा वर्ग बघायचा असो, मामा बांधावर किंवा दारात उभे राहून, डोळे बारीक करून निकाल देत, "दोनशे पान उठते इथी." पंचक्रोशीतल्या लग्नांत वाढायचं काम त्यांच्याकडेच असे, त्यामुळे त्यांच्या अंदाजावर कुणी शंका घेत नसे.

पंचावन्न सालच्या आसपास माझ्या बहिणीचं लग्न चांद्याच्या एका घरात ठरलं. वडील नव्हते. "आमच्याकडे मातीवर कोणी जेवायला बसत नाही," असं व्याही बोलून गेले आणि आईने बैठकीत फरशी घालायचा शब्द दिला. फरशी आणायची चांद्याहून, बैलगाडीने, वैनगंगा ओलांडून. एका खेपेला आठ दिवस लागत. अंदाज चुकून चालणारच नव्हतं. गवंडी फीत घेऊन आला, तर मामांनी त्याला परत पाठवलं. "फीत काऊन पायजे? माणसं बसवून पाहू." शेजारपाजारची अठरा माणसं बोलावून त्यांनी समोरासमोर दोन पंगती बसवल्या, हातात रिकामं टोपलं घेऊन मधून दोनदा फिरले आणि हिशेब सांगितला: माणसाखाली एक फरशी, पत्रावळीखाली एक. छत्तीस.

लग्नाला तीन दिवस उरले होते. मामांच्या हुकुमावरून काम दोन्ही भिंतींकडून मधे येत होतं. छत्तिसावी फरशी बसली आणि खोलीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका फरशीएवढी, दोन फूट रुंद माती तशीच उरली.

"भाऊ, नऊ कमी पडून राह्यल्या," गवंडी म्हणाला.

मामा त्याच्यावर खेकसले, फरश्या पुन्हा मोजल्या आणि मटकन खाली बसले. "मी तं उभाच होतो, बाई," ते आईला म्हणाले. "माह्या पायाखालची जागा मोजाची राह्यली." आईने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

लग्नाच्या दिवशी व्याही दारात थबकले आणि त्या सारवलेल्या पट्ट्याकडे पाहत राहिले. त्यांचा एक शब्द वाकडा गेला असता, तर बहिणीला तो जन्मभर ऐकावा लागला असता. इतक्यात मामा भाताचं टोपलं घेऊन पुढे झाले. "फरशीवर वरण सांडलं का वाढणारा घसरते, भाऊ. म्हणून मधात मातीच ठेवली."

व्याह्यांनी थोडा विचार केला. "खरं आहे, आमच्याकडे मागच्या लग्नात एकजण पडला," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या.

शेवटची पंगत उठल्यावर आईने मामांच्या हातातलं टोपलं काढून घेतलं, त्यांना दंडाला धरून फरशीवर बसवलं आणि समोर पत्रावळ मांडली.

"बाई, माह्यामुळं तुले..."

"साऱ्यायची जागा मोजतेस," आई म्हणाली, "तुही जागा काऊन नाई मोजत रे?"

मामा मान खाली घालून जेवत राहिले, आणि आई वाढत राहिली. दोघंही आता नाहीत. पण मामांना पुरे म्हणायचं सुचत नव्हतं आणि आईला थांबायचं, हे आठवलं की अजून माझे डोळे भरून येतात.