टपावरचे प्रवासी

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या बहिणीनं, सुनंदाताईनं केला. ‘‘आपला मिलिंद गेला रे... झोपेतच,’’ एवढंच बोलली. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. आधी दुःख झालं म्हणालो तर खोटं होईल. आधी भीती वाटली, की त्याला एक गोष्ट सांगायची कायमची राहून गेली.

तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. आम्ही दोघं तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि उरलेल्या वेळात गेम बनवायचो. गेम असा: आखाडा बाळापूरहून हिंगोलीला काळी-पिवळी जीप न्यायची, वाटेत प्रवासी चढवायचे, उतरवायचे, खड्डे चुकवायचे. आतली जागा संपली की टपावर बसवायचे, ही माझी अक्कल. मिलिंदचं डोकं भलतीकडेच चालायचं. त्यानं चालत्या गेमच्या कोपऱ्यात एक चौकट बसवली. वेग किती, आत किती माणसं, टपावर किती, सगळे आकडे तिथे हलताना दिसायचे. मी चिडायचो. ‘‘काहून येळ घालवून राहिला रे? खेळणाऱ्याला काय करायचं त्याचं?’’

‘‘खेळणाऱ्याला न्हाई, आपल्याला. गेम बंद केला की दुखणं लपून बसतंय. चालता चालताच धरावं लागतंय त्याला.’’

गेमच्या कंपनीतले एक साहेब गावाकडे आले होते. ते आमचं काम बघून दोघांपैकी एकाला पुण्याला नेणार होते. मिलिंदचं घर ताईच्या शिलाई मशीनवर चालायचं, माझ्याकडे निदान शेती होती. नोकरीची गरज कुणाला जास्त, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाहुण्यासमोर आतडी कशाला दाखवायची म्हणून मी चौकट काढायला लावली. त्यानं मान डोलावली आणि गुपचूप ती एका बटणामागे लपवली.

साहेब साडेतीनला आले. चारला वीज जाणार होती. पडद्यावरची जीप आधी झकास धावली, मग कळमनुरीच्या अलीकडे अडखळायला लागली. सगळे प्रवासी उतरलेले, तरी जागची हलेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मिलिंदनं बटण दाबलं. आत शून्य. टपावर तीनशे अठरा!

टपावरचा माणूस उतरला की मी त्याला नुसता पडद्यावरून पुसत होतो, हिशेबातून उतरवतच नव्हतो. इतक्या खेपांचे लोक जीप अजून वाहत होती. मिलिंदनं दोन ओळी बदलल्या आणि जीप सुसाट निघाली.

‘‘हे प्रवासी उतरवायचं कुणी लिहिलं होतं?’’ साहेबांनी विचारलं.

मी मान खाली घालून माऊसची वायर सरळ करायला लागलो.

‘‘मी, सर,’’ मिलिंद म्हणाला.

‘‘आणि ही चौकट?’’

‘‘दोघांनी.’’

नोकरी मला मिळाली. तो त्याच क्लासमध्ये शेवटपर्यंत शिकवत राहिला. मी दरवर्षी बाळापूरला जायचो, त्याच्या घरी पोटभर जेवायचो आणि गप्प परत यायचो. माझ्याइतका भेकड माणूस मी पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात ताईसमोर बसून सगळं सांगून टाकलं.

‘‘मला ठाव हाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं त्याच दिशी सांगितलं होतं. तू येऊन गेला की दरसाली म्हणायचा, ‘या खेपेलाबी बोलला न्हाई गं...’’’