‘ये’ म्हटल्याशिवाय

अक्का विचारल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे. स्वतःच्या घरातसुद्धा. दुकानातून चहापत्ती घेऊन आली की उंबऱ्याशी दोन्ही पाय जोडून उभी राहायची आणि विचारायची, “येऊ का?” आतून तिची आई म्हणायची, “ये.” मग अक्का आत. आई मागं न्हाणीत असली आणि तिला ऐकू गेलं नाही, तर अक्का उन्हात तशीच उभी. दुसऱ्यांदा हाक मारायची नाही. आमच्या मुरूमच्या गल्लीत तिचं नावच पडलं होतं, येऊकाअक्का. खरं नाव कलावती, पण ते आधार कार्डापुरतं.

ही सवय तिला तिच्या आईनं, सुभद्रामावशीनं लावली होती. लहानपणी अक्का कुणाच्याही घरात शिरायची, टोपल्यातली भाकरी घ्यायची, पाळण्यातलं लेकरू उचलून छातीशी धरायची. एका घरात तिला सरपणाच्या लाकडानं मारलं. कपाळावरची खूण अजून आहे. मावशी सांगायची, “डोक्यानं कमी हाय म्हणून लोकं मारून टाकतील, या भेवानं म्या तिला दारात उभं ऱ्हायला शिकवलं. लई दिस गेले. पर शिकली ती पक्की शिकली. आता कलेक्टर आला तरी मोडायची न्हाय.”

अक्कानं त्यात स्वतःची भर घातली. आपण विचारायचं, तर दुसऱ्यांनीही विचारलं पाहिजे. कुणी न विचारता तिच्या दारातून आत आलं की ती वाट अडवायची, “इचारलं का?” पोस्टमनला विचारायची, पाव्हण्यांना विचारायची, शेजारच्या शेळीलाही विचारायची. शेळीला मात्र उत्तराची सवड द्यायची नाही. एका निवडणुकीत मतं मागायला एक पुढारी आले. फोटोसाठी गरिबाच्या घरात बसून चहा प्यायचा होता. मागं ही गर्दी. अक्का दोन्ही हात पसरून दारात. पुढारी हसले, हात जोडून म्हणाले, “अक्का, येऊ का?”

“न्हाय,” अक्का म्हणाली.

सगळी गल्ली हसली. पुढारीही हसले, पण परत फिरले. मी तेव्हा लहान होते. विचारल्यावर ‘न्हाय’सुद्धा म्हणता येतं, आणि ते ऐकून मोठी माणसं मागं सरतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते अक्काच्या दारात.

तिला मोजता येत नव्हतं. मंगळवार कुठला, शुक्रवार कुठला, कळत नव्हतं. बोलणं तुटक, आणि घाई केली तर तेही बंद. सरकारी दाखल्यावर ‘बौद्धिक दिव्यांग’ असं लिहिलेलं होतं. पण चहा करावा तर तिनंच, आलं ठेचून, गाळणं दोनदा झटकून. माझी आई पहाटे खुरपायला जायची, तेव्हा माझ्या वेण्या अक्काच घालायची. इतक्या घट्ट, की दिवसभर भुवया वर ताणलेल्या. शाळेतल्या पोरी चिडवायच्या, “सुने, तुला कशाचं नवल वाटतंय गं?”

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. माझ्या सत्काराच्या वेळी मी गुरुजनांचे आभार मानले, ते खरेच होते. पण ज्या वर्षी मी दहावीला होते, त्या वर्षीचे आभार एकट्या अक्काचे. आमची एकच खोली. संध्याकाळ झाली की वडील आणि त्यांचे दोस्त पत्ते घेऊन बसायचे. एक दिवस अक्का येऊन आमच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली.

“सुनी शिकतीया. इचारलं का?”

वडील म्हणाले, “आगं, माझंच घर हाय हे!”

“मग इचारा.”

दोस्त खो खो हसायला लागले. “इचार की लेका, कायदाच हाय तसा!” वडिलांनी एक शिवी हासडली, डोकं खाजवलं आणि उंबऱ्याबाहेरून म्हणाले, “सुने, येऊ का?”

त्या दिवसापर्यंत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी पुस्तकावरची मान न उचलता म्हटलं, “आत्ता नको, दादा.” पत्त्यांचा अड्डा पारावर गेला आणि परीक्षा होईपर्यंत तिथंच राहिला. अक्का रोज उंबऱ्यावर बसायची. मी काय वाचते ते तिला कळत नव्हतं. वाचताना मध्ये कुणी येऊ नये, एवढं कळत होतं.

मी शिकले, धाराशिवला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागले, लग्न झालं. सुभद्रामावशी थकत गेली. मी गेले की म्हणायची, “माझ्या मागं हिचं काय, सुने? तेवढं बोल.” मी म्हणायचे, “मी हाय की, मावशी.” ती माझ्याकडं नुसतं बघायची. तिला माझ्यापेक्षा जग जास्त माहीत होतं.

मावशी गेली त्या दिवशी मी एसटीनं पोहोचेपर्यंत माती देऊन लोक परतले होते. अक्का स्वतःच्या घराबाहेर उभी होती, पाय जोडून. बायका म्हणाल्या, “दुपारपासून अशीच हाय. घरात चल म्हटलं तर हातच झाडती.” मी आत गेले आणि म्हटलं, “ये, अक्का.” ती आत आली, आईच्या जागेवर बसली आणि मग रडायला लागली.

तिचा भाऊ दत्ता पुण्यात एका कारखान्यात होता. वाईट माणूस नव्हता. खोली एक, माणसं पाच, बायको आजारी. मी त्याला म्हटलं, “अक्काला माझ्याकडं दे. नवऱ्याशी बोललेय मी.” तो म्हणाला, “भाऊ जित्ता असताना बाहेरच्यांनी सांभाळली, असं ऐकून घेऊ व्हय मी? नको, सुने. संस्थेत ठिवतो. तिथं शिकलेली माणसं असत्यात.”

पालकत्वाची सुनावणी एका कचेरीत झाली. मी रजा टाकून गेले. अक्काला नवं लुगडं नेसवलेलं. साहेबांच्या दाराशी ती थांबली, पाय जोडले, म्हणाली, “येऊ का?” साहेब कागदात. शिपायानं तिला दंडाला धरून आत ओढलं. साहेबांनी दत्ताला विचारलं, त्याच्या बायकोला, वहिनीला विचारलं, उत्पन्न विचारलं. मी मागून म्हटलं, “साहेब, तिला कुठं राहायचंय ते तिला विचारा ना.” साहेब सौम्यपणे म्हणाले, “ताई, तिला समजत असतं तर आपण इथं आलो असतो का?” अक्का खोलीभर पाहत होती. मग हळूच, कुणालाच नाही असं, म्हणाली, “इचारलं का?”

दत्ता पालक झाला. आठवड्याभरात त्यानं फोन करून सांगितलं, ठेवली. जिल्ह्यातल्याच एका संस्थेत, गावाबाहेर. मी लगेच फोन लावला. तिथल्या अधीक्षक मॅडम म्हणाल्या, “नवीन आलेल्यांना पहिला महिना भेट नसते. घरचं माणूस दिसलं की रमत नाहीत.” मी म्हटलं, “मॅडम, एक सांगायचं होतं, तिला ना...” त्या म्हणाल्या, “काळजी करू नका, इथं सगळ्या नीट राहतात.” फोन ठेवला गेला.

महिन्यानं गेले तेव्हा मी अक्काला ओळखलं नाही. केस कापलेले, अंगावर ढगळ गाऊन, गालफडं बसलेली. माझ्याकडं पाहून हसली, पण हसू अर्ध्यातच थांबलं. मॅडम म्हणाल्या, “फार हट्टी केस आहे. जेवायला येतच नाही. दारातच उभी राहते. ओढून बसवून दोन घास भरवले, तरी उठून पुन्हा दारात. शेवटी डॉक्टरांनी शांत राहायची गोळी चालू केली.”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. बायका रांगेनं आत गेल्या. अक्का भोजनगृहाच्या दाराशी थांबली. दोन्ही पाय जोडले. ओठ हलले. गोळीनं आवाज इतका खाली गेला होता की मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू आलं. “येऊ का?”

आत पन्नास ताटांचा खणखणाट. वाढणारी बाई ओरडली, “ए, आलीस का पुन्हा? उभी ऱ्हा तिथंच!”

मी आत गेले, दाराकडं तोंड केलं आणि म्हटलं, “ये, अक्का.”

ती आली. बसली. वर न पाहता भाकरी खात राहिली, आमटी सांडली तरी खात राहिली. वाढणारी बाई पळी हातात धरून तशीच उभी. “एवढंच व्हय?” ती म्हणाली. “आवं, आमाला कुणी सांगितलंच न्हाय की!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचा राग करता आला नाही. महिनाभर अक्का त्यांच्या दारात दोन्ही वेळा परवानगी मागत अर्धपोटी उभी होती आणि त्या घरात एकाही माणसाला ती काय म्हणते ते ऐकायला सवड नव्हती.

त्या बाईनं मग शब्द दिला आणि पाळलाही. रोज मोठ्यानं म्हणायची, “ये गं कलावती, ये.” अक्काच्या अंगावर थोडं मांस आलं. मी दर रविवारी जायचे. तेवढ्यावरच थांबले असते तर बरं झालं असतं की काय, हे मला आज सांगता येत नाही. पण मी न्हाणीघर पाहिलं. त्याला दारं नव्हती. सुरक्षेसाठी काढली, असं सांगितलं. चार-चार बायकांना एकत्र बसवून पाणी घालायचे. येणारी-जाणारी माणसं बघून जायची. अक्का गाऊन काढायची नाही, म्हणून तिला गाऊनसकट भिजवायचे. मी मॅडमना म्हटलं, “निदान पडदा तरी लावा.” त्या खरोखर आश्चर्यानं म्हणाल्या, “यांना कसली लाज हो?”

मी घरी येऊन अर्ज लिहिला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा मी ग्रंथालयातच वाचला होता. सन्मानानं जगण्याचा, एकांताचा, आपल्याबद्दलच्या निर्णयात आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क, सगळं छान मराठीत छापलेलं आहे. मी मोठं काही मागितलं नाही. न्हाणीला पडदा, अंगाला हात लावण्याआधी विचारणं, आणि गोळी कशासाठी देता ते सांगणं. तपासणीला माणसं आली. त्या दिवशी पडदे होते.

दुसऱ्या दिवशी दत्ताचा फोन. “काय केलंस तू हे? ते म्हणत्यात, तुमची बाई घेऊन जा. कुठं नेऊ? माझ्या डोक्यावर ठिवू? तू कोण लागतीस तिची?”

मी म्हटलं, “दत्तादा, मला दे तिला. पाया पडते.”

“आता तर मुळीच न्हाय,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. “आई गेल्यापासनं मला झोप न्हाय, सुने. तू माझ्या जागी उभी ऱ्हाऊन बघ.”

त्यानं तिला परजिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत नेलं. कुठं, ते सांगेना. वहिनीनं शेवटी चोरून नाव सांगितलं. मी फोन केले. उत्तर एकच, पालकांशिवाय कुणाला माहिती देत नाही. मी पुन्हा अर्ज केला, वकिलांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नातं काय लिहायचं?” वेण्या घालणारी आणि उंबऱ्यावर बसणारी, यांना कायद्यात शब्द नाही.

मागच्या महिन्यात मी तिथं गेले. दोन एसट्या बदलून. उंच भिंत, हिरवं लोखंडी फाटक, त्याला हातभर खिडकी. खिडकीत वॉचमन. मी म्हटलं, “येऊ का?” तोंडातून निघाल्यावर मला कळलं मी कुणासारखी उभी आहे. माझे पायही जोडलेले होते.

“पालकांचं पत्र?”

“नाही.”

“मग न्हाय सोडता येत, ताई. आमचीबी नोकरी हाय.”

आत घंटा झाली. जेवणाची असावी, ताटांचा आवाज आला. मी खिडकीचा गज धरला. “दादा, आत कलावती म्हणून एक आहे. कपाळावर खूण आहे. आत्ता ती भोजनगृहाच्या दाराशी उभी असेल. तिला फक्त ‘ये’ म्हणा. मग ती जेवते. कुणी म्हटलं नाही तर नाही जेवत. स्वयंपाकाच्या बाईंना तेवढं सांगा. रोज, दोन्ही वेळा.”

वॉचमननं विचारलं, “एवढंच सांगायला आलाव?”

“व्हय,” मी म्हटलं. “एवढंच.”

त्यानं मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. ती मान कशासाठी हलवली, सांगतो म्हणून की ही पण येडीच म्हणून, ते मला कळलं नाही. ताटांचा आवाज थांबेपर्यंत मी फाटकाबाहेर उभी होते.