विजय दिवस आणि आमचं गेट

हेब्बाळच्या आमच्या सोसायटीने लॉकडाउनच्या वर्षी कारगिलचा विजय दिवस साजरा केला, तो सोफ्यावर बसून. रविवारचा कर्फ्यू, म्हणून व्हिडिओ कॉल. वर खादीचा कुडता, खाली अर्धी चड्डी. सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "आज हम सब भी सोल्जर हैं." टाळ्या झाल्या. महिनोन् महिने दारात भाजी मागवून खाणारे हे सैनिक! कामवाल्या बायकांना गेटावर अडवणं एवढीच त्यांची मोहीम, ती मात्र त्यांनी निष्ठेने चालवली.

हसतोय खरा, पण तो कॉल माझ्याच लॅपटॉपवरून चालला होता.

आमचं घराणं इथलं जुनं. राजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलो, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या छाती फुगवून सांगतो. पुढे सगळे कारकून झालो, ते सांगत नाही. देव्हाऱ्याखाली पेटीत एक तलवार आहे. ती खंडेनवमीला काढायची आणि लढाई पाहिलेल्यानेच काढायची, अशी रीत. पाहिलेला एकच, माझा थोरला चुलतभाऊ. अण्णा कारगिलला होता, हवालदार म्हणून निवृत्त झाला. वहिनी गेल्यापासून देवनहळ्ळीला एकटाच राहायचा.

कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधी त्याचा फोन आला. "खानावळ बंद पडली रे. वरच्या मजल्यावर दोघांना ताप आहे. मला आताशा धाप लागते. स्वल्प दिवस तुझ्याकडे येऊ काय?"

"कमिटीला विचारतो," म्हणालो. विचारलं नाही. मला त्या धापेचीच भीती वाटली. सेक्रेटरींना मात्र ऐटीत सांगितलं, "माझा भाऊ कारगिलला होता." ते हरखले. "अरे, मग स्क्रीनवर आणा की त्यांना!"

त्या रविवारी अण्णा स्क्रीनवर आला. इस्त्रीचा शर्ट, त्यावर पदकं. माझ्यामागच्या भिंतीवर मी तलवार टांगली होती, चिंचेने लखलखीत घासून.

"सर, वो जीत का पल कैसा था?" सेक्रेटरींनी विचारलं.

अण्णा माझ्याकडेच बघत होता. "तलवार तू काढलास काय?" त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाला, "कमिटी काय म्हणाली रे? उद्या येऊ काय?"

"क्या बोल रहे हैं?"

मी अण्णाचा आवाज बंद केला. "नेटवर्क," म्हणालो.

त्याचे ओठ हलत राहिले. सगळे उठले आणि त्याला सलाम ठोकला. काही जणांच्या अर्ध्या चड्ड्या दिसल्या. अण्णा बोलायचा थांबला, ताठ उभा राहिला आणि त्याने उलट सलाम केला.

पुढे त्याला ताप आलाच. घरमालकाने इस्पितळात नेलं. वाचला. मला ते नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

खंडेनवमीच्या आधी, रस्ते मोकळे झाल्यावर, मी देवनहळ्ळीला गेलो. त्याने कॉफी दिली. म्हणालो, "पूजेला चल अण्णा. तलवार काढायची आहे."

"मी कशाला? तूच काढ. मागे काढलासच की." कप उचलताना हसून म्हणाला, "आणि गेटसुद्धा काय छान राखलंस! माणूस म्हणून आत येऊ दिला नाहीस."

त्या वर्षी तलवार पेटीतच राहिली. पूजेला स्कूटर आणि लॅपटॉप मांडला. बायको म्हणाली, "लॅपटॉपला कुंकू राहिलं की."

लावलं.