ठमाबाई नदीत कशी बुडाली

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवरा हे घडायच्या आधीच गेला होता, त्याला सांगायचा प्रश्नच आला नाही. पोराला सांगितलं नाही. शेजारच्या कुसुमलाही नाही — आणि कुसुमला तर मी माझ्या कवळीचे हालसुद्धा सांगते. दोन वर्षं झाली. आता मला एक कागद लिहायला बसवलं आहे, आणि त्या कागदाची पहिलीच ओळ खोटी आहे. म्हणून बोलते.

कागद कसला? तुम्हाला वाटेल, म्हातारी बाई आहे, पापडाचं प्रमाण लिहीत असेल. नाही. व्हिडिओ गेममध्ये जिवंत कसं राहायचं, ते लिहिते आहे. हसा. मीही आधी हसले होते.

माझी सून रंजना पांढुर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत शिकवते. दोनला घरी येते, जेवते आणि तासभर कॉम्प्युटरवर खेळते. तिचा एकच खेळ. एक बाई आहे, टपाल वाटणारी. मुलूख सगळा बर्फाचा, बस बंद, गाड्या बंद. थैलीत पत्रं घेऊन ती गावोगाव पायी फिरते. पत्र पोचवलं की ते उघडून दाखवतात, आणि पत्रा-पत्रातून एक मोठी गोष्ट पुढं सरकते. पण पोचणार कसं? कोपऱ्यात चार चित्रं असतात — भूक, तहान, थंडी, झोप. त्यातलं एकही रिकामं झालं की बाई मेली. आणि मेली म्हणजे मेलीच. जेवढे दिवस चालली तेवढे सगळे पुसले जातात. पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आता रंजनाच्या शाळेतल्या चार बाया आणि कुसुमची पोरगी, सगळ्या हा खेळ खेळायला लागल्या आहेत. सगळ्या दुसऱ्या दिवशी मरतात आणि फोनवर रडतात. रंजना म्हणाली, "आई, तुम्हीच एक कागद लिहून द्या जी. तुमच्याइतकं यातलं कोणाले समजत नाही." मी चौथी शिकले आहे. पण अक्षर बरं आहे आणि खेळ खरंच समजतो. तर लिहायला बसले. पहिली ओळ तिनंच सांगितली — "घरून निघताना खेळ बंद केला का, दोनदा पाहा. मी एकदा चालू ठेवून गेली आणि एकेचाळीस दिवस वाया गेले."

मी ती ओळ लिहिली. आणि मग पेन पुढं जाईना.

थांबा. आधी खऱ्या सूचना देते. त्या सोप्या आहेत.

पहिल्या दिवशी कुठंही जायचं नाही. लाकडं जमवायची. पोरी काय करतात? थैली मिळाली की पत्र वाटायला पळतात. अवं, कोण वाट पाहून मरून राह्यलं तिकडं? पत्र चार दिवस उशिरा गेलं तर काही होत नाही. तुम्ही मात्र मराल.

दिसेल ते उचलायचं नाही. कुसुमच्या पोरीच्या थैलीत तीन गंज होते, चांगली मोठाली पातेली. बाई, संसार मांडायला निघाली होती का? ओझं झालं की पाय जड होतात, पाय जड झाले की वाटेत थंडी गाठते. एक भांडं, एक चाकू, काड्यापेटी, सुकं मांस. बास.

लांडगा दिसला तर पळू नका. पेटतं लाकूड हातात धरा आणि त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागं सरका. बसस्टँडजवळच्या कुत्र्यांसाठीही मी हेच करते, फक्त हातात छत्री असते.

कितीही कुडकुडलात तरी पत्रं जाळायची नाहीत. खेळ तुम्हाला जाळू देतो. तो तर परीक्षाच पाहतो. खुर्ची जाळा, दार जाळा, पण पत्र नाही. ते जाळलं की गोष्टीचा एक तुकडा गेला, मग जगून काय करणार?

आणि मराल. त्याला घाबरू नका. मी सतरा वेळा मेले. थंडीनं मेले, कड्यावरून पडले, लांडग्यानं खाल्लं. एकदा कच्चं मांस खाऊन हगवणीनं मेले. मेल्यावर चहा करायचा, प्यायचा आणि पुन्हा बसायचं. दर वेळी दोन दिवस जास्त चालता.

झालं. सूचना संपल्या. मी मुद्दाम लांबवत होते, हे तुम्हाला समजलंच असेल.

सुरुवातीला मला तो खेळ अजिबात पटत नव्हता. घरची सून दिवसाउजेडी कॉम्प्युटरसमोर बसते, हे काय? मी बोलायची. तूर निवडायला ताट घेऊन मुद्दाम तिच्या मागं बसायची — तिला लाज वाटावी म्हणून. लाज तिला वाटली नाही आणि तूर निवडून झाली तरी मी उठेना. आठ दिवसांत मी मागून हुकूम सोडायला लागले. "अवं, लाकडं घे आधी!" "ते भगदाड पडलेलं घर सोड, वारा येते त्याच्यात." त्या टपालवालीनं तीन कोट अंगावर चढवले होते, म्हणून मी तिचं नाव ठमाबाई ठेवलं. रंजना हसून हसून लोळली. आमच्या घरात दुपारी एवढं हसू त्याच्या आधी कधी ऐकू आलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

एकेचाळिसाव्या दिवशी ठमाबाई एका नदीच्या काठावर होती. पलीकडच्या काठाला एकच घर, धुराड्यातून धूर निघत होता. त्या घरातल्या म्हातारीचं पत्र थैलीत होतं, तिच्या बहिणीनं पाठवलेलं. आणि रंजना पूल शोधत होती. आठवडाभर! मी म्हणायची, "समोर त घर आहे, जाय ना सरळ." ती म्हणायची, "थांबा ना जी आई, पूल भेटन." मला दम निघेना. बहीण बहिणीला काय लिहीत असेल? कोणी गेलं असेल का? भांडण मिटवायचं असेल का? मी पोळ्या लाटताना त्याच विचारात असायची.

आता माझं ऐका. माझं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मधे जाम नदी. लग्न झाल्यापासून ती मी किती वेळा पायी ओलांडली, त्याची गिनती नाही. लुगडं खोचायचं, चपला हातात, डोक्यावर गाठोडं, की पलीकडे. पुलावरून गेलं तर फेरा पडायचा. आणि माहेरी जाताना फेरा कोण घेतं? दोन्ही गावं काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, तो गोटमारीचा एक दिवस सोडला तर त्या नदीत उतरायची मला कधी भीती वाटली नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. माझ्या डोक्यात काय होतं, तेवढं सांगते.

सकाळचे अकरा वाजले होते. रंजना शाळेत, पोरगा कामावर. भाजी चिरून झाली होती. कॉम्प्युटर कसा लावायचा, कुठलं बटन दाबलं की ठमाबाई चालते, सगळं मला पाहून पाहून पाठ होतं. मी म्हटलं, पत्र वाचते आणि बंद करते. कोणाला काय समजणार?

ठमाबाईला मी सरळ नदीत घातलं. पांढरीशुभ्र, सपाट नदी, डांबरी रस्त्यापेक्षा चांगली. मधोमध आली तेव्हा पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं आली. इंग्रजी मला येत नाही. मला वाटलं, शाबासकी देऊन राह्यले. मी आणखी जोरात पळवली.

कडाड् असा आवाज झाला.

कोटासकट गेली ती खाली. थैली तेवढी वर राहिली, आणि पत्रं एकेक सुटून पाण्यावर पसरली. मग पडदा अंधारला आणि पहिल्या दिवसाचं चित्र आलं. नवी कोरी ठमाबाई, एक कोट घालून, हात हलवत उभी.

मी काय केलं? उठले आणि कुकर लावला.

दोन वाजता रंजना आली. कॉम्प्युटर बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आई, हा चालू कसा काय?"

"मले काय विचारतं? सकाळपासून चालूच आहे."

"मी त बंद करून गेल्ती ना..."

"मंग आपोआप चालू झाला का? मी हात लावतो का त्याले?"

ती खुर्चीवर बसली. एकेचाळीस दिवस म्हणजे तिच्या चार महिन्यांच्या दुपारी होत्या. मग तिनं कपाळावर हात मारला आणि हसली. "माय वो, माहं ध्यानच राहत नाही आजकाल. उभी असंन ठमाबाई तिथंच, थंडीत. गोठून मेली." आणि मला पाणी आणून दिलं. मला!

एवढ्यावर थांबले असते तर हे सांगायची वेळ आली नसती. खेळ गेला, खेळ पुन्हा होतो. पण मी थांबले नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. रंजना स्कूटी शिकत होती. रोज सकाळी शाळेच्या आधी मैदानावर गोल गोल फिरायची. तिचं माहेर रामाकोना, आई तिथं एकटी असते. तिचा बेत होता की रविवारी एकटीनं, स्वतः गाडी चालवत, थेट आईच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचा. जेवताना तिनं ते सांगितलं. माझा पोरगा खूश झाला. मग सहज म्हणाला, "तू कॉम्प्युटर चालू ठेवून जाशील, असं वाटत नाही वं मले. तू त पंखासुद्धा बंद करतं." आणि मी घाबरले. आता हा विचार करत बसेल. मी ताटावरून मान वर न करता म्हटलं —

"जिले एक खेळ बंद कराचं ध्यान राहत नाही, ते रस्त्यावर गाडी काय चालवन? ट्रकाखाली जाशील एखाद्या दिवशी."

माझ्या खोट्याला टेकू पाहिजे होता. सून सगळ्याच बाबतीत बेध्यानी ठरली की या एका गोष्टीचा संशय कोणाला येणार? हा हिशेब मी भाताच्या दोन घासांमधे केला. मी काही भोळी बाई नाही.

रविवारी ती गेली नाही. पुढच्या रविवारीही नाही. स्कूटीवर तिनं जुनी चादर टाकली. ती चादर अजून तिथंच आहे, मांजर तिच्यावर झोपते. रामाकोन्याला रंजना बसनं जाते, सौसरला बस बदलून, दोन हातांत दोन पिशव्या धरून. आणि घरून निघाली की फाटकापर्यंत जाऊन परत येते — गॅस पाहायला. पुन्हा जाते, पुन्हा येते — कुलूप ओढून पाहायला. आधी हे नव्हतं. हे माझं काम आहे. मी रोज ओट्याजवळ उभी राहून ते पाहते.

पाच महिने तिनं खेळाला हात लावला नाही. मग मीच तिच्या मागं लागले. दया आली म्हणून का? आता तरी खोटं बोलत नाही. दया आली नव्हती. मला ते पत्र वाचायचं होतं, आणि दुपारी करमत नव्हतं.

या वेळी आम्ही दोघी खेळलो, आळीपाळीनं. माझी सतरा मरणं त्यातलीच, आणि तिची नऊ. शेवटी एकदा पुन्हा त्या नदीवर पोचलो. रंजना म्हणाली, "बरफ मधात पातळ असते, आई. पाय नाही ठेवाचा." मी म्हटलं, "असं का? मले काय माहीत." म्हणजे पुन्हा एक खोटं. पूल सापडला, बर्फात अर्धा बुजलेला. पलीकडे गेलो, दार वाजवलं, पत्र दिलं. रंजनानं मला आमच्या भाषेत वाचून दाखवलं. बहिणीनं एकच गोष्ट लिहिली होती — माझा बिडाचा तवा तीस वर्षं झाली तुझ्याकडे आहे, तो परत पाठव.

रंजना इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, पोट धरून. एका तव्यासाठी मी ठमाबाई बुडवली होती! खरं सांगते, ते हसू खोटं नव्हतं. आजही तव्यावर भाकर टाकताना मला हसू येतं. आणि मग बाहेर ती चादर दिसते.

शेवटपर्यंत पोचलो आम्ही. शेवटचं पत्र कोणाचं असतं, ते मी सांगणार नाही. चाला, मरा, पुन्हा चाला आणि स्वतः वाचा. त्याच्यासाठी सतरा वेळा मरणं काही जास्त नाही.

हा कागद रंजनाच टाईप करून मैत्रिणींना पाठवणार आहे. पहिली ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी लिहिलं आहे — नदी पांढरी दिसली तर पुलावरून जा, फेरा पडला तरी.

रंजना, टाईप करत इथपर्यंत आली असशील. त्या दिवशी तू खेळ बंद करून गेली होतीस. पडदा काळा होता. वायरसुद्धा भिंतीतून काढून, नीट गुंडाळून ठेवली होतीस. ती मी सोडली आणि मी लावली.