कावळ्यांच्या जाळ्याची पाळी

सार्वजनिक जीवनात उतरण्याची हाक माणसाला आयुष्यात एकदा तरी येते, आणि ती आल्यावर मागे हटायचं नसतं. मला ती टोकियोच्या कोतो भागात, एप्रिलमधल्या एका सकाळी आली. दाराच्या मुठीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती. तिच्यात गल्लीच्या शेजारी मंडळाचे कागद होते आणि वर चिठ्ठी होती: यंदाचे गटप्रमुख तुम्ही. मला कोणी निवडून दिलं नव्हतं. हे पद घरांच्या क्रमाने फिरतं, आणि ते फिरत फिरत आमच्या दारापर्यंत आलं होतं.

पुण्यात आईने मात्र सगळ्या नातेवाइकांना "लेक जपानमध्ये निवडून आली" असं कळवलं. भावाचा लगेच फोन आला.

"काय नगरसेविका बाई, गल्लीत पेव्हर ब्लॉक कधी बसवताय?"

"बसवलेले आहेत. सरळ बसवलेले आहेत."

"मग तुला काम काय?"

"कावळे," मी म्हणाले.

टोकियोचे कावळे अंगाने कोंबडीएवढे असतात, आणि पानं वाढून कोणी हाका मारण्याची वाट बघायची सवय त्यांना नाही. आमच्या गल्लीतली दहाबारा घरं आपला कचरा सकाळी एका कोपऱ्यावर ठेवतात. पालिकेची गाडी येईपर्यंत त्यावर एक जाळं पसरायचं. गाडी गेली की जागा झाडायची, धुवायची, जाळं घडी करून ठेवायचं. दर आठवड्याला एका घराची पाळी; पाळीची पाटी दारोदार फिरते. जाळ्याच्या कडेला वजनं शिवलेली असतात, कारण हलकं जाळं कावळे चोचीने उचलतात. पावसात ते भिजलं की उचलताना पाठ बोलते.

त्याच महिन्यात वॉर्डाची निवडणूक होती. पांढरे हातमोजे घातलेले उमेदवार गाडीतून हात हलवत, दिवसभर फक्त स्वतःचं नाव सांगत फिरायचे. इतक्या वर्षांत मी इथे कर भरलाय, दवाखान्यात रांगेत बसलेय, मुलीला सरकारी शाळेत शिकवलंय. पण मी परदेशी, मला मत नाही. स्टेशनबाहेर एक उमेदवार माझ्यासमोर वाकायला लागले तेव्हा मी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. ते तरीही पूर्ण वाकले. अर्ध्यात थांबता येत नसावं.

म्हणजे या देशाच्या राजकारणात माझी जागा कुठली असेल तर ती कावळ्यांच्या जाळ्यापाशी. ती मी गांभीर्याने घेतली, आणि मे संपता संपता शेजारच्या आजी दारात आल्या.

आजी आम्ही त्यांना घरात म्हणायचो. समोरासमोर आडनावाला आदराचं सान लावून बोलायचो, कारण इथे शेजारणीला आजी म्हटलेलं तिला आवडेलच असं नाही. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती, एकट्या राहायच्या, आणि हिवाळ्यात त्यांचं मनगट मोडून जोडलं गेलं होतं.

"ओकुसान, ऑगस्टपासून मी मंडळातून बाहेर पडते," त्या म्हणाल्या. ओकुसान म्हणजे घरातल्या बाई, ते मी. "जाळं आता उचलत नाही. माझी पाळी दुसऱ्यांनी करायची, हे बरं दिसत नाही."

मंडळात नसलेल्याने कोपऱ्यावर कचरा ठेवायचा नाही, असा आमच्या मंडळाचा नियम होता. मी विचारलं, "मग कचरा कुठे टाकणार?"

"मुलगा कावासाकीला घेऊन जातो म्हणतोय. त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. तिथे कचऱ्याचं तेच बघतात."

एवढं बोलून त्या हसल्या. इथली माणसं नको असलेली गोष्ट सांगताना हसतात, हे मला एव्हाना कळत होतं. लग्न होऊन त्या या गल्लीत आल्या होत्या, आणि दारातल्या कुंडीतली त्यांची डाळिंबाची फांदी आमच्या हद्दीत यायची त्याबद्दल दरवर्षी माफी मागायच्या. आता जाळ्यापायी घर सोडणार होत्या.

एकट्या वृद्धांचा कचरा पालिका दारातून नेते, अशी सोय आहे. मी ती सुचवली.

"ती म्हाताऱ्यांसाठी असते," आजी म्हणाल्या.

मी ठरवलं, नियम बदलायचा. ज्यांना जाळं उचलणं जमत नाही त्यांना पाळीतून सूट, मंडळातलं नाव कायम. जूनच्या बैठकीसाठी मी भाषण लिहिलं. त्यात माणुसकी होती, शेजारधर्म होता, समाजाची कसोटी कशात असते तेही होतं. जपानी तपासायला मुलीला वाचून दाखवलं. ती दहावीच्या वयाची, जन्म इथला. मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते.

"आई, व्याकरण बरोबर आहे," ती म्हणाली. "पण पांढरे हातमोजे घाल."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

मंडळाच्या छोट्या सभागृहात घडीच्या खुर्च्या होत्या, हिरवा चहा होता. अध्यक्ष अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. मी उभी राहिले आणि भाषण केलं. कोणी मधे बोललं नाही. पुण्याच्या सोसायटीत एवढ्या वेळात दोघांनी सभात्याग केला असता. भाषण संपल्यावरही सगळे शांत होते. अध्यक्षांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "अतिशय महत्त्वाचा विचार आहे. आपण त्यावर विचार करूया."

मी घरी आले ती जवळजवळ विजयी मिरवणुकीने. नवऱ्याला सांगितलं, "झालं काम. एकाचाही विरोध नाही."

तो इथल्या बँकेत वीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळतोय. त्याने चष्मा काढला. "नक्की काय म्हणाले?"

"विचार करूया."

"हवा ओढली?"

"हो, थोडी."

"मान तिरकी?"

"हो, पण..."

"मेला तुझा प्रस्ताव," तो म्हणाला. "अगं, बैठकीत काही ठरत नसतं. ठरलेलं असतं ते बैठकीत सांगतात. तू सगळ्यांना चारचौघांत पहिल्यांदा ऐकवलंस. आता बिचाऱ्यांना हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. आधी घरोघर जाऊन बोलायचं असतं. याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची, तसं."

ऑफिसात हा शब्द शिकवायला परदेशी कर्मचाऱ्यांसाठी दिवसभराची कार्यशाळा घेतात, असंही त्याने सांगितलं. मला बाबा आठवले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाण्याची टाकी साफ करायचा विषय सभेत यायच्या आधी आठवडाभर ते संध्याकाळी शर्ट बदलून निघायचे. आई विचारायची, "कुठे?" ते म्हणायचे, "जरा वरच्या मजल्यावर." प्रत्येक घरी चहा. सभेत टाकीचा ठराव बिनविरोध. झाडाचं, मुळांचं काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना चहाने पित्त व्हायचं, तरी ते तो प्यायचे.

दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू केले आणि शर्ट बदलून निघाले.

राजकारणातल्या देवाणघेवाणीबद्दल मी बरंच वाचलंय, पण ज्यात देणाऱ्याच्याच घरी जास्त माल येतो असा प्रकार कुठे वाचला नव्हता. इथेही भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. दोन लाडवांच्या बदल्यात मुळ्याचं लोणचं, वाळवलेले मासे, कोणाच्या गावाकडचे बटाटे. फ्रिज भरला. दारात उभं राहून मी फक्त एवढंच म्हणायचे, "आजींना जाळं झेपत नाही, काय करावं कळत नाही, तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बसायचे. हे गप्प बसणं मला भाषणापेक्षा जड गेलं.

एकच दार घट्ट होतं. कोपऱ्यावरच्या बाई, साठीच्या, कुंड्या पट्टी लावल्यासारख्या मांडणाऱ्या. त्यांनी लाडू घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा त्यांच्या घराची पाळी मीच केली. माझ्या घराचीही केली. तेव्हा कोणी नियम बदलायला आलं नाही."

पुण्यात असते तर मी काहीतरी सडेतोड बोलले असते. इथे मला सडेतोड जपानी येत नाही, हे बरंच झालं. मी म्हणाले, "कोणीतरी यायला हवं होतं."

त्यांनी एक कुंडी बोटभर सरकवून ओळीत आणली. मग विचारलं, "समजा सूट दिली. त्यांची पाळी कोण करणार?"

"गल्ली," मी म्हणाले. शब्द मलाच आवडला.

"गल्ली," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच लक्षपूर्वक पाहिलं. "असं."

शेवटी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकलं. या वेळी हवा ओढली नाही. म्हणाले, "कोपऱ्यावरच्या बाईंनी सुचवलं तर शोभेल."

जुलैच्या बैठकीत आमचा विषय उत्सवातल्या बर्फाच्या गोळ्याचं यंत्र आणि भूकंपाची कवायत यांच्या मधे होता. कोपऱ्यावरच्या बाई उठल्या आणि एका वाक्यात म्हणाल्या की ज्यांना जाळं उचलणं सोयीचं नाही त्यांना पाळी नसावी, मंडळ असावं. म्हातारा हा शब्द त्यांनी वापरला नाही. अध्यक्षांनी विचारलं, "हरकत?" सगळे शांत. पण गेल्या खेपेची शांतता आणि ही शांतता यांत किती फरक आहे ते मला तेव्हा नीट ऐकू आलं. चहा ओतून होईपर्यंत नियम बदललेला होता. मग बर्फाच्या यंत्रावर तासभर चर्चा झाली.

माझं नाव कुठेच आलं नाही. फक्त निघताना अध्यक्ष सगळ्यांदेखत "आमच्या गटप्रमुख" म्हणाले आणि वाकले. त्यातल्या "आमच्या" या शब्दाने मी घरापर्यंत ताठ चालत आले. मोठमोठ्या माणसांच्या गळ्यातले हार बघून मला कायम हसू आलंय, पण त्या दिवशी कोणी घातला असता तर मी मान पुढे केली असती. ज्या देशात मला मत नाही तिथल्या एका नियमाला मी हात लावला होता, आणि तो बाबांच्या पद्धतीने हलला होता. रात्री आईला फोनवर सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "यांना पित्त उगाच नाही झालं."

आजींनी मुलाला कळवलं की कावासाकीला त्या राहायला येणार नाहीत, जेवायला येतील. कधी नव्हे ती डाळिंबाच्या फांदीबद्दल त्यांनी त्या वर्षी माफी मागितली नाही. मी तो सन्मान समजते.

पुढच्या आठवड्यात पाळी आजींच्या घरावर आली. त्यांच्या नावापुढे आता रेघ होती, म्हणून पाळीची पाटी नियमाप्रमाणे पुढच्या दारावर गेली. आजींच्या पुढचं दार आमचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आमची स्वतःची पाळी होती.

दोन्ही आठवडे पाऊस होता. आजी छत्री घेऊन रोज कोपऱ्यावर यायच्या आणि मी जाळं उलटं पसरते आहे, हे सांगायच्या.