परात लावलेली सायकल

साधना मुनेश्वरशी वाद घालू नये, हे पांढरकवडा आगारात नव्याने आलेल्या चालकालाही पहिल्याच आठवड्यात कळतं. बाई एसटीत वाहक. घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबली पाहिजे आणि दोनदा ओढली की निघाली पाहिजे. मग रस्त्यात हात दाखवत आमदाराचा मेहुणा उभा का असेना. वय पंचेचाळीस, अंग काटक, आणि सुट्टीच्या दिवशी वाकड्या हॅन्डलची रेसर सायकल घेऊन हैदराबादच्या ट्रकांना लागून सुसाट जायची खोड. मुलगी सलोनी नागपूरला नर्सिंग शिकते. घरी साधना आणि तिचे वडील धर्मपाल, दोघंच. म्हाताऱ्याला सायकलचं कौतुक, पण ते तोंडावर सांगायची त्यांना सवय नाही.

दर जानेवारीत गावचं सायकल मंडळ टॉवरच्या टेकडीचा घाट चढायची स्पर्धा घेतं. नियम एकच. पाय टेकला की बाद. जो न टेकता वर पोचेल त्याने नंदाबाईच्या चहाच्या टपरीच्या भिंतीवर गेरूने आपलं नाव लिहायचं. बायकांसाठी मात्र मंडळाने सोय केली होती. सोय हा शब्द त्यांचाच. बायकांनी अर्ध्या घाटातून निघायचं, आणि त्यांची नावं भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुत्री बसतात.

ही असली सोय ज्याला सुचते त्याला घाटाच्या पायथ्याला उभं करून चार गोष्टी सुनावाव्यात. साधनाने गेल्या वर्षी नेमकं तेच केलं.

"मी खालूनच निघीन," ती मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाली. अध्यक्ष म्हणजे प्रफुल्लभाऊ, बी-बियाण्यांच्या दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही, मांड्या तर लोखंडी. फक्त आपल्याला जमतं ते दुसऱ्याला जमू नये असं त्यांना मनातून वाटतं.

"ताई, तुमच्या भल्यासाठीच हाय ना. रडक्या वळणावर आमचेच पाय लटपटते, तुमचं काय?"

"माह्या पायाचं मी पाहून घेईन. तुमी तुमचं पाहा."

रडकं वळण घाटाच्या शेवटी आहे. तिथे भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये येऊन अक्षरशः रडतात, म्हणून ते नाव. आणि तिथेच, वळणावरच्या पांढऱ्या दगडापाशी, साधनाचा पाय टेकला.

सायकल हाताने ढकलत ती वर पोचली तेव्हा मंडळी चहा पीत होती. प्रफुल्लभाऊंनी गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून बायकांनी अर्ध्यातूनच निघायचं, हा नियम पक्का. साधना उभी राहिली.

"एक वर्ष द्या मले. पुन्हा पाय टेकला, तर जन्मभर अर्ध्यातून निघीन. वरून अर्ध्या घाटातल्या तुमच्या टेबलावर बसून सगळ्यायले केळी सोलून देईन."

सगळे हसले. ती हसली नाही. बोलून बसली होती, आणि बोललेलं गिळायची रीत त्या घरात नव्हती.

चूक कुठे झाली, हे तिला मनातून ठाऊक होतं. स्पर्धेच्या आधी ती सायकल घेऊन देवीलालच्या दुकानात गेली होती. देवीलालने मागच्या चक्रांवर बोट ठेवलं होतं. "बाई, तुह्यं मागचं मोठं चक्र अठ्ठावीस दात्याचं हाय. चौतीसचं टाक. चढावर पाय हलका पडते." चौतीस दात्यांचं चक्र दिसायलाही थोराड, दुकानात त्याला सगळे परातच म्हणत. नेमके प्रफुल्लभाऊ तिथे हवा भरायला आलेले. "परात बसवून राह्यल्या का ताई? मंग भाकरी बी थापा वर जाऊन!"

झालं. बाईचं डोकं फिरलं. परात नको, मले हलकी चाकं लाव, प्रफुल्लभाऊंच्या सायकलला आहेत तसली. लागली हलकी चाकं. सायकल एका बोटावर उचलावी अशी झाली. पण चढ काही हलका झाला नाही, आणि मागचं चक्र तेच अठ्ठावीसचं राहिलं. रागावलेलं माणूस आपल्या डोक्याने चालत नाही, ज्याच्यावर रागावलंय त्याच्या डोक्याने चालतं. साधनानेही आपली सायकल प्रफुल्लभाऊंच्या मांड्यांच्या मापाने सजवली होती.

मग वर्षभर सल्ल्यांचा पूर. कुणी म्हणे पाटीसारखं पातळ सीट घ्या, कुणी म्हणे हलके पेडल घ्या, आर्णीचा एक पठ्ठ्या म्हणे पाण्याची बाटलीच नेऊ नका. उचलली जीभ, लावली टाळ्याला. साधनाने पातळ सीट आणलंही, आणि दोन दिवसांत परत केलं, कारण त्यावर बसल्यावर एसटीच्या बाकाची आठवण यायची आणि तीही प्रेमाने.

तुरीच्या ओल्या शेंगा निघाल्या तेव्हा एका दुपारी ती अंगणात वडिलांसोबत शेंगा सोलत बसली होती. तोंड फुगलेलं. धर्मपाल बराच वेळ तिच्याकडे पाहत होते.

"चढावर तू पाय कसे टाकतं वं?" त्यांनी विचारलं.

"कसे म्हणजे? उभी राह्यतो पेडलवर. सगळा जोर लावून दाबतो."

म्हातारा हसला. "छप्पन साली मी अकरा वर्साचा होतो. दीक्षेले आईसंगं इथून नागपूरले पायी गेलतो. वाटंत बंडीवाले म्हणे, बाई, बस, अर्ध्यालोक सोडतो. थे नाई बसली. म्हणे, या कामाले मी माह्याच पायानं जाईन. अन् मी पोट्टं, मोठ्ठ्या ढांगा टाकू अन् कोसाकोसाले दम खात बसू. मंग तिनं मले शिकवलं. ‘लहान पाऊल टाक रे, पण थांबू नको.’"

साधनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. आजी तिला फोटोतच ठाऊक होती, पांढऱ्या लुगड्यातली, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी. तिला भरून आलं, आणि पाठोपाठ स्वतःचा भयंकर राग आला. वर्ष वाया घालवलं होतं, कशासाठी, तर एका माणसाने भाकरीचं नाव काढलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती देवीलालकडे गेली. "परात लाव."

नुसती परात लावून भागत नाही. तिच्यासाठी चेन लांब लागते, आणि चेन चक्रांवर सरकवणारा मागचा भागही लांब मानेचा लागतो. साधनाने दोन्ही घेतलं. टायर जरा रुंद घेतले, म्हणजे घाटातल्या खडबडीत डांबरावर अंग खिळखिळं होत नाही. ब्रेकचे रबर नवे बसवले, कारण चढलेल्या माणसाला उतरायचंही असतं. हलकी चाकं मात्र काढून विकली. घेतली कुणी? प्रफुल्लभाऊंनीच, जादा जोडी असावी म्हणून.

स्पर्धेच्या सकाळी पायथ्याला धुकं होतं.

"आली का परात?" प्रफुल्लभाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"आली ना. पीठ तुमी आणलं का?"

शिट्टी वाजली. पुरुष मंडळी पहिल्या वळणापलीकडे दिसेनाशी झाली. साधनाचे पाय भराभरा फिरत होते आणि सायकल मात्र मुंगीच्या चालीने जात होती. मागून आलेला शेळ्यांचा कळप तिला ओलांडून गेला. राखणाऱ्या बाईने थांबून विचारलं, "पंक्चर झाली का?" तिने मान हलवली. बोलायला दम नव्हता.

अर्ध्या घाटात मंडळाचं टेबल होतं. तिथे बायकांच्या गटातल्या तिघी सायकली धरून उभ्या होत्या. पुढे आर्णीच्या शाळेत शिकवणारी रुपाली. टेबलावरचा मंडळाचा माणूस ओरडला, "ताई, इथूनच निघाल्या असत्या तर ताज्यातवान्या राह्यल्या असत्या!" साधना त्याच्याकडे न बघता पुढे गेली. रुपाली मात्र तिच्या मागच्या चाकाकडे वळून वळून बघत राहिली.

मग रडकं वळण आलं. तोच पांढरा दगड. पोटऱ्या पेटल्या, छाती भात्यासारखी हलायला लागली, आणि सगळं अंग म्हणायला लागलं, उभी राहा, दाब, संपव एकदाचं. इथेच गेल्या वर्षी ती उभी राहिली होती. यंदा ती बसून राहिली. परातीवर चेन चढवली. लहान पाऊल. आणखी लहान. मनातल्या मनात तिने घंटीची दोरी दोनदा ओढली आणि दगड मागे पडला.

वर पोचली तेव्हा मंडळींचा दुसरा चहा झाला होता. प्रफुल्लभाऊंनी टाळ्या वाजवल्या, त्याही मनापासून. पण मग म्हणालेच, "मानलं ताई. पण इतका टाइम? पुढच्या साली टाइमाची अट टाका लागते."

"टाका ना. अटी टाकणं तुमचं काम, चढणं माह्यं."

नंदाबाईने स्वतः गेरूचा डबा आणून दिला. साधनाने स्टुलावर चढून, सगळ्यांच्या वर, कौलाला लागून नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, तिने तसंच ठेवलं.

एव्हाना बायकांचा गट यायला हवा होता. प्रफुल्लभाऊंनी टेबलावरच्या माणसाला फोन लावला. तो वैतागला होता. "अध्यक्ष, इथं कोनीच नाई. थ्या तिघी खाली गेल्या. म्हणे, आमीबी खालूनच निघतो!"

साधनाने चहाचा कप तसाच ठेवला, सायकल वळवली आणि नव्या ब्रेकवर हात ठेवून रडक्या वळणापर्यंत उतरली. थोड्याच वेळात रुपाली दिसली. चेहरा लालबुंद, पेडलवर उभी, सगळा जोर लावून दाबत असलेली. नेमक्या पांढऱ्या दगडापाशी तिचा पाय टेकला. ती हॅन्डलवर डोकं ठेवून धापा टाकत राहिली. मागून बाकीच्या दोघी येतच होत्या.

मग रुपालीने डोकं वर केलं. डोळ्यांत पाणी होतं आणि भलताच राग होता.

"ताई," ती म्हणाली, "थे परात कुठं भेटते?"